प्रत शुद्ध करणं आणि प्रत बदलणं

संगणकावरच्या एखाद्या जुन्या साहसी खेळाची नवी आवृत्ती येणार अशी बातमी आली की पुढे काय होणार हे आता पाठ झालं आहे. पहिलं चित्र बाहेर येतं आणि भांडण चित्रावरूनच पेटतं. एक गट म्हणतो, आमच्या लहानपणाची वाट लावली. दुसरा म्हणतो, ते चौकोनी ठिपके आज कोण बघत बसणार? २०२२ मध्ये मूळ ‘मंकी आयलंड’ रचणाऱ्या रॉन गिल्बर्ट यांनी ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ जाहीर केला तेव्हाही हेच झालं, आणि तो तर जुन्या खेळाची नवी आवृत्तीसुद्धा नव्हता, पुढचा भाग होता. रेक्स क्राउल यांची कागद कातरून केल्यासारखी चित्रं पाहून लोक असे भडकले, टीका इतकी वैयक्तिक झाली, की गिल्बर्ट यांनी आपल्या संकेतस्थळावर प्रतिक्रिया घेणंच बंद केलं. खेळ अजून कोणाच्या हातात पडलाही नव्हता. कोडी कशी आहेत, संवाद कसे आहेत, गोष्ट कुठे जाते, यावर बोलायला कोणाकडे काही नव्हतंच. मोजमाप चाललं होतं ते फक्त नाकाडोळ्यांचं.

हे भांडण चुकीच्या जागी चाललं आहे असं मला ठामपणे वाटतं. जुन्या पॉइंट अँड क्लिक खेळांच्या नव्या आवृत्त्या निघाव्यात, भरपूर निघाव्यात. चित्रं बदलावीत, आवाज घालावेत, गरज असेल तर कोडीसुद्धा नव्याने रचावीत. माझी अट एवढीच की नवी प्रत जुन्या प्रतीच्या शेजारी बसावी, तिच्या जागेवर बसू नये. आणि काय बदललं हे घेणाऱ्याला उघड सांगावं. चित्र सुंदर झालं की विद्रूप, हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. मूळ कृती उद्या कोणाला हाती लागेल की नाही, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. आणि नेमका हाच प्रश्न या सगळ्या आरडाओरड्यात कोणी विचारत नाही.

हे खेळ काय होते ते थोडक्यात सांगतो. १९८४ मध्ये सिएरा कंपनीसाठी रॉबर्टा विल्यम्स यांनी ‘किंग्ज क्वेस्ट’ रचला. त्यात परीकथेतल्या राज्यात हिंडायचं आणि हुकूम टंकून द्यायचे. १९८७ पासून लुकासफिल्म गेम्सने टंकणं काढून टाकलं. पडद्याच्या तळाशी क्रियापदांची पट्टी, वर चित्र. क्रियापदावर क्लिक करा, मग वस्तूवर, वाक्य तयार. १९९० मध्ये याच पद्धतीवर ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ आला. १९९३ च्या ‘मिस्ट’ने पट्टीही काढली, माणसंही जवळजवळ काढली, आणि एक ओसाड बेट, यंत्रं आणि पुस्तकं एवढ्यावर साठ लाखांहून अधिक प्रती खपवल्या. म्हणजे हा काही चार वेड्यांचा कोपरा नव्हता.

मी मराठी माध्यमातला. ‘मंकी आयलंड’ मला भेटला तो ओळखीच्या एका काकांच्या ऑफिसात, रविवारी, कॉपी केलेल्या फ्लॉपीवर. खेळ सुरू करताना एका चाच्याचा चेहरा दिसे आणि त्याला फाशी दिल्याचं साल विचारलं जाई. ते शोधायला मूळ खोक्यात एकावर एक फिरणाऱ्या दोन चकत्या असत. आमच्याकडे त्या चकत्यांची झेरॉक्स होती, मधोमध टाचणी खुपसून जोडलेली, आणि टाचणीचं टोक टोचू नये म्हणून मागे खोडरबराचा तुकडा. (ती प्रत चोरीची होती, हे लपवत नाही. विकतची आमच्या गावात कोणी पाहिलीही नव्हती.) खाली बारा क्रियापदं होती. ओपन, क्लोज, पुश, पुल समजायला सोपी. अडलं ते ‘पिक अप’ आणि ‘टर्न ऑन’पाशी. शब्दकोशात ‘टर्न’ म्हणजे वळणे. दिवा वळवायचा कसा? दोन शब्द मिळून एक क्रिया होते हे इंग्रजीचं गुपित मला शाळेआधी त्या पट्टीने शिकवलं. पण मी ही आठवण सांगतोय ती गहिवरायला नव्हे. ती पट्टी म्हणजे खेळाभोवतीची चौकट होती की खेळाचाच भाग, हा मुद्दा मला पुढे न्यायचा आहे.

त्या खेळात एके ठिकाणी नायक गायब्रश समुद्राच्या तळाशी असतो, एका जड मूर्तीला दोरीने बांधलेला. आजूबाजूला सुऱ्या, कात्र्या, धारदार वस्तूंचा खच पडलेला. एकाही वस्तूपर्यंत हात पोचत नाही. तो आधीच बढाई मारून चुकलेला असतो की आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. खेळणारा काहीच न करता खरोखर दहा मिनिटं बसून राहिला तर गायब्रश मरतो. या खेळात मरण जवळजवळ नाहीच, म्हणून धक्का बसतो. पण खरी गंमत खाली असते. पट्टीतली क्रियापदं बदललेली असतात: तरंग, फुग, हेलकावे खा, टक लावून बघ, कुज, आणि शेवटी ‘मार्गदर्शिका मागव’. मेलेल्या माणसाला ज्या क्रिया शक्य आहेत त्याच उरतात. ज्याने हे रचलं त्याला पट्टी म्हणजे नुसती बटणं वाटत नव्हती. तो त्या पट्टीत लिहीत होता.

२००९ मध्ये या खेळाची ‘स्पेशल एडिशन’ आली. चित्रं नव्याने रंगवली, संगीत नव्याने वाजवलं, सगळे संवाद नटांनी बोलले. नव्या रूपात क्रियापदांची पट्टी पडद्यावरून काढून एका कळीमागे लपवली. मला हे आवडलं नाही. त्यातल्या गायब्रशचे उंच केसही मला आवडले नाहीत. तरीही या आवृत्तीला मी मनापासून दाद देतो, कारण तिच्यात एफ-टेन ही कळ आहे. ती दाबली की त्याच क्षणी, त्याच जागी जुन्या खेळाचं रूप समोर येतं: ठिपके, पट्टी, जुनं संगीत, सगळं. पुन्हा दाबली की नवं. (पहिल्या भागात जुन्या रूपात आवाज ऐकू येत नसत, एवढी उणीव होती, दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीत तीही बरीचशी भरून काढली.) इथे नव्या चित्रकाराने जणू म्हटलं आहे की मी असं वाचलं, मूळ हे असं होतं, तुम्ही ताडून बघा. याहून प्रामाणिक पुनर्निर्मिती कशी असते?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू, आणि ते जितकं बळकट आहे तितकंच बळकट मांडू. पहिलं म्हणणं असं की जुने खेळ कित्येकदा अन्यायकारक होते, आणि जुन्याचे भक्त हे विसरतात. अगदी खरं आहे. १९९० चा ‘किंग्ज क्वेस्ट ५’ घ्या. गावातल्या बेकरीपाशी एक मांजर उंदराच्या मागे धावताना क्षणभर दिसतं. त्या क्षणी हातात असलेली वस्तू मांजराला फेकून मारली नाही तर उंदीर वाचत नाही. पुष्कळ पुढे नायकाला तळघरात बांधून टाकतात, आणि त्याची दोरी कुरतडायला तोच उंदीर यावा लागतो. उंदीर नाही, म्हणजे खेळ संपला. तसंच कस्टर्डच्या पायचं. डोंगरात भूक लागली म्हणून नायकाने तो खाल्ला तर पुढे हिममानवाच्या तोंडावर मारायला काही उरत नाही. चूक झाली हे खेळ सांगत नाही; तुम्ही तासन्‌तास पुढे जाता आणि मग भिंतीवर आदळता. याला कोणी ‘जुन्या काळचं कसदार आव्हान’ म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. खुद्द रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये याच दोषांवर सविस्तर लेख लिहिला होता, आणि ‘मंकी आयलंड’ हे त्या लेखाचं प्रात्यक्षिक होतं. म्हणजे दोष काढणं हे जुन्याशी वैर नव्हे. जुन्यांनीच ते आधी केलं.

पण दोष काढताना आणखी काय निघून जातं याचा हिशेब ठेवायला नको का? पहिल्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं. चेटकिणीच्या घरात एक चिठ्ठी सापडते: कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं. युरोपीय परीकथा माहीत असणारा खेळाडू लगेच ‘रम्पलस्टिल्टस्किन’ उलटं लिहितो, आणि तरी चुकतो. कारण १९८४ मध्ये अपेक्षा अशी होती की सगळी वर्णमालाच उलटी धरायची. ‘ए’च्या जागी ‘झेड’, ‘बी’च्या जागी ‘वाय’. आपल्याकडे ‘क’च्या जागी ‘ज्ञ’ धरून नाव लिहावं तसं. छळच म्हणायचा. १९९० मध्ये सिएराने स्वतःच या खेळाची नवी आवृत्ती काढली आणि नाव सरळ उलटं लिहिलेलं चालेल असं केलं. सुधारणा झाली यात वाद नाही. पण मूळ खेळात एक सोय होती जी टीकाकार सांगत नाहीत: नाव ओळखता आलं नाही तर बुटका एक किल्ली देतो आणि त्याच ठिकाणी पोचायची दुसरी वाट उघडते. छळ होता, पण कोंडी नव्हती. ज्याच्या हाती फक्त ‘मूळ किती भयंकर होतं’ ही दंतकथा आली त्याला हे कळणार नाही. ज्याच्या हाती मूळ खेळ आहे त्याला पंधरा मिनिटांत कळेल.

दुसरं म्हणणं याहून वजनदार आहे. जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालत नाहीत. ज्यांना कमी दिसतं, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना इंग्रजी वाचण्यापेक्षा ऐकून जास्त समजतं, त्यांच्यासाठी नव्या आवृत्तीनेच दार उघडलं. शिवाय त्या विक्रीतून येणाऱ्या पैशावरच या जातीचे नवे खेळ निघतात. यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. मोठी अक्षरं, आवाज, इशारे देणारी कळ, या गोष्टींना नाक मुरडणारे लोक मला समजत नाहीत. पण ‘आजच्या यंत्रांवर चालत नाहीत’ हे मात्र अर्धसत्य आहे. २००१ पासून स्कमव्हीएम नावाचा मुक्त प्रकल्प आहे. हौशी आणि निष्णात प्रोग्रॅमरांनी या जुन्या खेळांची इंजिनं नव्याने लिहिली, जेणेकरून मूळ फाइल्स जशाच्या तशा आजच्या संगणकावर, फोनवरसुद्धा चालाव्यात. खेळाच्या एकाही ठिपक्याला त्यांनी हात लावला नाही. नवी आवृत्ती नसती तर खेळ मेला असता, हा युक्तिवाद कंपन्यांना सोयीचा आहे. पण खेळ जगवला तो आधी या लोकांनी, पदरमोड करून. कंपनीला जपणूकच करायची असेल तर मूळ फाइल्स विकत मिळू देणं हे सर्वात स्वस्त काम आहे.

आणि इथेच ‘लूम’ची गोष्ट सांगायला हवी, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे. १९९० मध्ये ब्रायन मोरियार्टी यांनी लुकासफिल्मसाठी रचलेला हा खेळ. विणकरांच्या टोळीतला एक पोरका मुलगा, त्याच्या हाती सूतकताईची काठी, आणि त्या काठीवर वाजणारे सूर. चार सुरांचा एक धागा विणला की दार उघडतं. तोच उलटा वाजवला की बंद होतं. क्रियापदं नाहीत, पिशवीभर वस्तू नाहीत, मरण नाही. खोक्यात एक वही असे, तिच्यात पेन्सिलीने सूर लिहून ठेवायचे, कारण दर खेळाला बरेचसे सूर बदलत. सर्वात अवघड पातळीवर पडद्यावर काही लिहून येतच नसे, कानाने ओळखायचं. आणि चित्रं फक्त सोळा रंगांत. मार्क फेरारी या चित्रकाराने दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून मांडले, आणि जुन्या काचेच्या मॉनिटरवर ते एकमेकांत विरघळून सतरावा, अठरावा, विसावा रंग दिसू लागला. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलताना तिसरीच छटा चमकते, तशी ही कारागिरी. विणकरांच्या खेळातली चित्रं अशी विणलेली असावीत, यात मला एक संगती दिसते.

१९९२ मध्ये ‘लूम’ सीडीवर आला. २५६ रंग, आणि सगळी पात्रं बोलणारी. जाहिरातीत हे वाढीव वाटावं असंच. पण आवाज एका तबकडीत मावायला हवे होते, म्हणून संवाद छाटले, लिहिलेलं आखडलं. बोलणारा ‘लूम’ न बोलणाऱ्यापेक्षा कमी बोलतो, अशी ही अवस्था. यात कोणाची लबाडी नव्हती. तंत्राची मर्यादा होती, आणि नट चांगले होते. वाईट झालं ते पुढे. डिजिटल दुकानात ‘लूम’ म्हणून जो खेळ विकत मिळू लागला तो हाच. सोळा रंगांचा, पूर्ण संवादांचा ‘लूम’ त्याच नावाखाली दिसेनासा झाला. आज वीस वर्षांची मुलगी हा खेळ विकत घेते, खेळते, आणि म्हणते, छान आहे पण जरा तुटक वाटतो. तिने ‘लूम’ खेळलेलाच नाही, हे तिला कोण सांगणार? चित्रं बरी की वाईट यावर भांडणाऱ्या दोन्ही गटांना हे नुकसान दिसत नाही, कारण ते डोळ्यांना दिसणारं नुकसान नाही.

असंच एक लहान उदाहरण ‘मंकी आयलंड’मधलं. जंगलात एक ओंडका आहे. फ्लॉपीच्या आवृत्तीत त्यात डोकावलं की गायब्रश म्हणे, अरे, इथे तर भुयारांचं जाळं आहे! आणि लगेच पडद्यावर सूचना येई, बावीस नंबरची फ्लॉपी घाला. बावीस नंबरची फ्लॉपी अर्थातच नव्हती. विनोद होता तो. पण कंपनीला इतके फोन आले की सीडीच्या आवृत्तीत विनोद काढून टाकला. ज्याच्याकडे जुन्या फ्लॉपीची प्रत होती त्यालाच तो भेटला. चार ओळींचा विनोद गेला म्हणून आभाळ कोसळत नाही हे मलाही समजतं. पण अशा बदलांची कुठे नोंद नसेल तर मोठे बदलही असेच गुपचूप जातात.

याला इतिहासात चांगला आधार आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून विकायची लाट आली. दिग्दर्शक चिडले, प्रकरण संसदेपर्यंत गेलं, आणि १९८८ मध्ये चित्रपट जतनाचा कायदा झाला. त्या कायद्याने रंगवण्यावर बंदी घातली नाही. राष्ट्रीय यादीतल्या चित्रपटात मोठा फेरफार केला असेल तर तशी पाटी लावा, एवढंच सांगितलं. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. त्या वेळी संसदेसमोर फेरफाराविरुद्ध कळकळीने साक्ष द्यायला गेलेल्यांत जॉर्ज लुकास होते, म्हणजे ज्यांच्या कंपनीतून ‘लूम’ आणि ‘मंकी आयलंड’ निघाले तेच. आणि याच लुकास यांनी १९९७ मध्ये आपल्या ‘स्टार वॉर्स’च्या तिन्ही चित्रपटांत नवी दृश्यं घातली, जुनी बदलली, आणि नंतर वर्षानुवर्षं मूळ चित्रपट चांगल्या प्रतीत मिळेनासे झाले. निर्माता स्वतःच बदल करतोय, मग तुम्ही कोण, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर या उदाहरणात आहे. निर्मात्याला पुन्हा रचायचा पूर्ण हक्क आहे. पण कृती एकदा लोकांच्या हाती गेली, त्यांच्या आठवणीत आणि भाषेत रुजली, की ती मागे घ्यायचा हक्क मी त्याला देणार नाही, मग तो कितीही मोठा असो.

आपल्या भाषेत हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून नकलून त्यांत पाठभेद घुसले, भलत्यांच्या ओव्या शिरल्या, तेव्हा एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि शेवटी तारीखवार नोंद ठेवली: शके पंधराशे सहा, म्हणजे १५८४. मी काय केलं, केव्हा केलं, हे त्यांनी लपवलं नाही. आणि पुढच्यांना बजावलं की या पाठात जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतःची विस्तृत टीका लिहिली, भावार्थ रामायण रचलं, भारुडं रचली. जुन्यावरून नवं रचायला त्यांची ना नव्हती. हात सढळ होता. दुसऱ्याच्या पाठात गुपचूप शिरायला मात्र ना होती. आणि एवढ्या अधिकारी पुरुषाने शुद्ध केलेला पाठ हाती असतानाही पुढे इतिहासाचार्य राजवाडे एकनाथपूर्व प्रतीच्या शोधात निघालेच, आणि तशी मानलेली प्रत त्यांनी १९०९ मध्ये छापली. यात एकनाथांचा अनादर होता का? उत्तम संस्करणसुद्धा मूळ पाहण्याची गरज संपवत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

ही तीन कामं वेगळी ओळखली तर अर्धे वाद मिटतील: पाठ शुद्ध करणं, टीका लिहिणं, आणि नवी रचना करणं. प्रत्येकाला वेगळी फूटपट्टी लागते. ‘मिस्ट’ काढणाऱ्या सायन कंपनीने त्याचा पुढचा भाग ‘रिव्हन’ २०२४ मध्ये नव्याने केला. १९९७ चा मूळ खेळ पाच सीडींवर होता आणि एकेका स्थिर चित्रातून पुढे सरकत जाई. त्यात गावातल्या शाळेत एक खेळणं आहे. कळ फिरवली की एक अनोळखी अंक दिसतो आणि दोरीला लटकलेली बाहुली तेवढे टप्पे खाली, एका अक्राळविक्राळ माशाच्या जबड्याकडे उतरते. टिक टिक मोजत बसलात की त्या परक्या लोकांचे अंक तुम्हाला आपोआप येऊ लागतात. आणि मग अचानक लक्षात येतं की इथली मुलं अंक शिकतात ती माणूस कधी गिळला जाईल हे मोजून. अंक आणि भीती एकाच खेळण्यात. दहशतीत जगणाऱ्या गावाबद्दल एक शब्दही न बोलता सगळं सांगून झालेलं असतं. नव्या ‘रिव्हन’मध्ये मोकळेपणी फिरता येतं, आणि मुख्य कोडी पुन्हा रचली आहेत, रंगीत गोट्या पंचवीस बाय पंचवीसच्या जाळीवर ठेवायचं ते प्रसिद्ध कोडंही आता तसं नाही. मूळ कोड्याचं उत्तर पाठ असलेल्या माझ्यासारख्याला त्या बेटावर पुन्हा हरवायला मिळालं, हे मी उपकार मानतो. ही टीका आहे, भाष्य आहे, आणि १९९७ चा ‘रिव्हन’ आजही वेगळा विकत मिळतो. म्हणून कोडी बदलली या तक्रारीत मला दम वाटत नाही. उलट ज्या आवृत्त्या कोडं एक बदलत नाहीत, पण जुन्या चित्रांवर संगणकी फिल्टर फिरवून ठिपके वितळवून टाकतात, चेहरे मेणाचे करतात, आणि ‘वर्धापन आवृत्ती’ म्हणून विकतात, त्या मला जास्त खटकतात. १९९३ च्या ‘सायमन द सॉर्सरर’चं २०१८ मध्ये काहीसं असंच झालं. शुद्ध केल्याचा आव, आणि पाठ पुसट.

हौशी लोकांनी हे काम कधीकधी कंपन्यांहून नेटकं केलं, हेही सांगायला हवं. लोरी आणि कोरी कोल यांच्या ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ मालिकेत पहिल्या भागाला सिएराने १९९२ मध्ये नवं रूप दिलं, तिसऱ्यापासून पुढचे माऊसवरच झाले, आणि मधला दुसरा भाग तेवढा टंकायच्या हुकुमांवर अडकून राहिला. एजीडी इंटरॅक्टिव्ह या हौशी गटाने वर्षानुवर्षं खपून २००८ मध्ये तो पूर्ण केला आणि फुकट दिला. त्यात वाळवंटी शहराच्या गल्ल्यांचं जे जाळं अनेकांना नको होई ते सोपं करायचा पर्याय ठेवला. पर्याय ठेवला, हे महत्त्वाचं. ज्याला मूळ चकवा हवा त्याला चकवा मिळतो. याच गटाने ‘किंग्ज क्वेस्ट २’ घेतला तेव्हा गोष्टच मोठी केली, पात्रं खोल केली, आणि नावातही फरक केला, म्हणजे हा तोच खेळ आहे असं कोणी समजू नये. पगार न घेणारी माणसं एवढी काळजी घेऊ शकतात, तर कंपन्यांकडून ती मागणं जास्तीचं कसं?

काय मागायचं तेही अगदी साधं आहे. मूठभर फ्लॉपींत मावणारा खेळ आजच्या कित्येक गिगाबाइटच्या आवृत्तीसोबत देताना कोणाची जागा भरून जात नाही. एका खेळाची तीन रूपं निघाली असतील तर तिन्ही द्या, आणि कोणतं कोणत्या सालचं ते लिहा. मूळ चित्रं ३२० बाय २०० ठिपक्यांची, पण चार-तीनच्या मॉनिटरवर उभी ताणली जाऊन दिसत. ती तशी दाखवा, चपटी करू नका. काय गाळलं, काय घातलं, याचं एक पान जोडा. आणि आपण घेणाऱ्यांनी पहिलं चित्र पाहून पेटण्याआधी एवढं विचारावं की जुना खेळ सोबत मिळणार आहे का.

मे महिन्यात दहा वर्षांची भाची आली होती. तिला मी नवा ‘मंकी आयलंड’ लावून दिला आणि एफ-टेन दाखवली. दोन दिवस ती नव्यातच रमली. आवाज आहेत, चित्रं मोठी आहेत, जुन्यातला गायब्रश तिला मुंगीएवढा वाटला. तिसऱ्या दिवशी ती समुद्राच्या तळाशी पोचली. सगळ्या सुऱ्यांकडे जाऊन पाहिलं, दोरी ताणून पाहिली. “मामा, सांगू नकोस हं,” म्हणाली आणि एफ-टेन दाबली. मी विचारलं, जुन्यात का गेलीस? “तिथे खाली सगळं लिहिलेलं असतं ना, काय काय करता येतं ते.” मग बोट पडद्याला टेकवून ती एकेक क्रियापद मोठ्याने वाचत गेली. ओपन. क्लोज. पुश. पुल. ‘पिक अप’वर थांबली, मूर्तीकडे पाहिलं, आणि गायब्रशने जिला तो बांधलेला होता ती मूर्तीच उचलून खिशात घातली.